रिकाम्या बादलीचं वजन

पहिला खिळा पंधरा किलोला निघाला तेव्हा दादा हसला. दुसरा चौदाला निघाला तेव्हा त्याने घसा खाकरला. तिसरा सोळाला सुटून वर आला, आणि दादाने मागे वळूनही न बघता विचारलं, "फोम कुठला वापरलास रे?"

धाकटा भाऊ मागे दहा पावलांवर उभा होता. त्याच्याआधी वन्सं, या दोघांची बहीण, बोलल्या. "आधी मॅडमचं ऐकून तरी घे, दादा. लहानपणापासून तुझं आपलं निकाल आधी आणि चौकशी नंतर!"

तपासनीस मॅडम खिळा ओढायचा काटा पुसत होत्या. बाई बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक, पण त्या काट्यावर त्यांचा विश्वास असा की सख्खी आई भेटायला आली असती तर तिलाही आधी ओढून बघितली असती. "खिळ्याने निदान अठरा किलो ओढ सोसली पाहिजे," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात याच छपराच्या पहिल्या अर्ध्यात बावीस-तेवीस मिळाले. हा दुसरा अर्धा. तीन खिळे, तिन्ही नापास. अजून नऊ जागा बघते. तिथेही हेच झालं तर एवढा भाग उचलावा लागेल."

"कोवळं आहे अजून. आज चौथा तर दिवस."

"पहिल्या अर्ध्याचाही चौथाच दिवस होता."

थोरली, दादाची बायको, कठड्यापाशी सगळ्यांसाठी चहा ओतत होती. तिने नवऱ्याचं नाक बघितलं. ते असं फुगलं होतं की चिमणीच्या जोडप्याने आत घरटं करून वर पाहुणेही बोलावले असते. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने त्या नाकाची उंची मापायला शिकून घेतलं होतं. आजची उंची वाईट होती.

छप्पर पार्सलच्या गोदामाचं. इतकं लांब की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस विचारपूस करायला येईपर्यंत सर्दी बरी होईल. दिसायला सपाट, पण खरं तर सपाट अजिबात नाही. खाली नालीदार पोलादी पत्रा, त्यावर पातळ गाऱ्यात बसवलेले भोकंवाले थर्माकोलचे तक्ते, आणि त्यावर या घराण्याची कमाल: फेस मिसळलेलं हलकं काँक्रीट. पाइपातून दाट ताकासारखं येतं, सुताच्या दोरीला धरून पसरायचं, म्हणजे पाणी निमूट कोपऱ्यातल्या जाळीकडे चालू लागतं. वाळलं की आत लाखो बुडबुडे, म्हणून ऊन खाली उतरत नाही आणि छपराला ओझं होत नाही. वरून जलरोधक कागद खिळ्यांनी ठोकायचा. पंधरा-वीस वर्षांनी कागद बदलायचा, खालचं काँक्रीट तसंच. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, ओतलेल्या छपरांवर आता तिसरा कागद चढला होता.

पण खिळा धरला तर. खिळा धरला नाही तर पहिल्या वादळात कागद जाईल शेजारच्या गावी, आणि घराण्याचं नाव जाईल त्याच्या मागोमाग.

"मॅडम, तुम्ही आमच्या बाबांना बघायला हवं होतं," वन्संनी चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. वन्सं नेत्रचिकित्सकाच्या दवाखान्यात चष्मे बसवायच्या, पण धंद्यात त्यांचा तिसरा वाटा होता आणि तोंडात सगळ्यांचा. "त्यांच्या एका छपरावर सर्कशीतला हत्ती चढला होता. तीन दिवस राहिला. ओरखडा नाही."

"हत्ती वर चढला कसा?"

"शिडीने."

"शिडी मोडली नाही?"

"तीही बाबांनीच बांधली होती ना!"

मॅडम हसल्या नाहीत, पण पुढचा खिळा ठोकताना त्यांचा एक खांदा हलला. तो खिळा पंधराला निघाला.

आता दादा वळला. "नवीन फोम वापरलास. खरं का खोटं?"

"खरं," धाकटा म्हणाला. "दुसऱ्या अर्ध्याला नवीन रसायन वापरलं. तुला सांगून वापरलं. तू जेवत होतास आणि मान हलवलीस."

"मी घास गिळत होतो!"

"गिळताना मान खाली जाते, दादा. तुझी खाली-वर झाली होती. दोनदा."

"वन्सं, तुम्ही होता ना तेव्हा?" थोरलीने विचारलं.

"होते. हलली होती मान. पण ती कशासाठी हलली ते मी कसं सांगू? आमच्या दादाची मान बरेचदा एकटीच हिंडते."

"चेष्टा पुरे," दादा म्हणाला. "बारा वर्षं जुना फोम चालला, कधी खिळा हलला नाही. हा शहाणा प्रयोग करायला गेला आणि अर्धं छप्पर बसलं." तो वन्संकडे वळला. "बोल तू, धंद्यात तुझाही वाटा आहे. इथून पुढे फोमचं काम बाहेरच्या माणसाला द्यायचं, मी म्हणतो. आजपासून."

वन्संनी एकदा धाकट्याकडे बघितलं, एकदा जमिनीवर ओळीने पडलेल्या चार खिळ्यांकडे. मघाशी त्या धाकट्याच्या बाजूला उभ्या होत्या. आता बोलता बोलता त्यांचे पाय दोन पावलं दादाकडे सरकले. "राग मानू नकोस रे," त्या धाकट्याला म्हणाल्या. "पण एवढीच एक गोष्ट बदलली होती ना? काही दिवस दुसऱ्या कुणाला…"

धाकट्याने हातमोजे काढले. घरात त्याला सगळे फेसभाऊ म्हणायचे, कारण तो चार वर्षांचा असताना साबणाच्या पाण्यात नळी घालून त्याने अख्खी मोरी आणि त्यात बसलेल्या वन्सं फेसाने भरून टाकल्या होत्या. तेव्हापासून फोमचं मशीन त्याचं. वाटणीतही ते त्याच्याच नावावर होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बाहेरचा माणूस आणा. मशीन माझं आहे, ते मी नेतो. मला दोन ठिकाणांहून बोलावणी आहेत." आणि तो शिडी उतरून गेला. तोंडातून एक वाकडा शब्द नाही, हेच वाईट. भांडला असता तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं.

थोरलीने पेले गोळा केले. तिला समोर दिसत होतं: मशीन गेलं की धंदा गेला. मशीन आणखी एक विकत मिळतं, पण फेसाच्या रंगावरून तो किती टिकेल हे सांगणारा दीर मिळत नाही. आणि दादा? तो तीन दिवस गर्जत फिरेल आणि चौथ्या दिवसापासून जेवताना रिकाम्या पाटाकडे बघत बसेल.

पण खिळे खोटं बोलत नव्हते. काहीतरी चुकलं होतं.

"वजनं घेतली होती का ओतताना?" मॅडमनी विचारलं.

"प्रत्येक वीस मिनिटांनी," थोरली म्हणाली. "मीच करते. मशीनपाशी नाही, इथे वर, पाइपच्या तोंडाशी. पाइपातून येताना थोडा फेस मरतो, म्हणून. दहा लिटरची बादली काठोकाठ भरायची. माल सहा किलो, बादली सव्वा किलो. काटा सव्वासातवर आला पाहिजे. जास्त आला तर भाऊजींना ओरडून सांगायचं फोम वाढवा, कमी आला तर कमी करा."

"आणि आला होता?"

"दर वेळी."

मॅडमनी भुवया वर केल्या आणि पाचव्या जागेकडे गेल्या. थोरली मात्र तिथेच उभी राहिली. कारण 'दर वेळी' म्हणताना तिचं उजवं मनगट दुखलं होतं. आठवणीनेच.

त्या दिवशी, दुसरा अर्धा ओतताना, बादली तिला जड लागली होती. भरलेली नाही; रिकामी. पहिल्यांदा उचलली तेव्हाच. सव्वीस वर्षं ती बादली तिच्या हातात होती. रिकामी बादली उचलताना हात किती वर जातो ते हाताला पाठ होतं, आणि त्या दिवशी हात तितका वर गेला नव्हता. तिने कुणाला सांगितलं नाही. का? कारण मागच्याच महिन्यात दादा म्हणाला होता, "तुझं वय झालं, आता हे उचलायचं काम सोड." तिला वाटलं, झालं, मनगट गेलं. आणि ते या माणसाला कळू द्यायचं नाही म्हणून तिने दिवसभर ओठ मिटून बादल्या उचलल्या होत्या, आणि रात्री त्याला नकळत तेल चोळलं होतं.

थोरली शिडीवरून खाली उतरली. पन्नाशीच्या बाईने शिडी किती वेळात उतरावी याला काही मर्यादा आहे. ती मर्यादा तिने पहिल्या चार पायऱ्यांतच मोडली.

खाली धाकटा मशीन चढवायला टेम्पोला फळी लावत होता. "वहिनी, मला अडवायला आला असाल तर…"

"तुम्हाला कोण अडवतंय, भाऊजी? फळी नीट लावा, मशीन पडलं तर पाय मोडेल. बादली कुठंय?"

"बादली? तिथे, पाइपाच्या वेटोळ्यात."

बाबांची बादली. पत्र्याची, कडांना पिटून पिटून गोल केलेली. बाहेरून बाबांनी स्वतः पांढऱ्या रंगात लिहिलेला आकडा: १२५०. त्या आकड्याला घरात कुणी ओलं फडकंही लावत नसे. पाइप धुतला जायचा, मशीन धुतलं जायचं, बादली आतून घासली जायची, पण आकड्याच्या बाजूने पाणी वळून जायचं, बाबा स्वतः उभे असल्यासारखं.

तिने काटा सपाट फरशीवर ठेवला, बादली झटकली आणि रिकामीच काट्यावर ठेवली.

एक किलो आठशे पन्नास.

तिने बादली उचलली, परत ठेवली. काट्याला एक चापट मारली, परत ठेवली. काटा आपल्या मतावर ठाम. मग तिने बादलीत तोंड घातलं. तळाशी नवाकोरा जाड पत्रा, गोल कापून कडेने झाळलेला, वर राखाडी रंग. आणि बाहेर, १२५० च्या भोवती, चौकोनी चिकटपट्टीची पुसट खूण. वेल्डिंगच्या धगीने आकडा जळू नये म्हणून कुणीतरी तो प्रेमाने झाकला होता.

असं प्रेम करणारा माणूस या घरात एकच होता, आणि तो वर नाक फुगवून उभा होता.

तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. बादली सहाशे ग्रॅमने वाढली. काटा मात्र तिने सव्वासातवरच धरून ठेवला. म्हणजे आत माल सहा नाही, पाच किलो चारशे. फेस जास्त, सिमेंट कमी. भाऊजींनी ती ओरडली तसा फोम वाढवला होता. फोमचा दोष नाही, भाऊजींचाही नाही. मनगटाचा तर मुळीच नाही. मनगट पहिल्या मिनिटाला खरं बोललं होतं. मालकिणीनेच ऐकलं नव्हतं.

"काय झालं, वहिनी?" धाकट्याने विचारलं.

"पाच मिनिटं मशीन चढवू नका. माझी शपथ वगैरे घालत नाही. नुसतं सांगते."

"पाच?"

"सहा झाली तर ओरडू नका."

वर गेल्यावर तिने दादाला कोपऱ्यातल्या जाळीपाशी बोलावलं. "अहो, जरा या इकडे. जाळी तुंबलीय."

"कोरडी ठाक आहे," तो वाकून म्हणाला.

"बादलीला तळ कधी लावलात?"

तो वाकलेला होता तसाच राहिला. सरळ व्हायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात मॅडमचे दोन खिळे निघाले.

"पहिल्या अर्ध्यानंतर सिमेंटची गाडी आली नव्हती ना, त्या दोन दिवसांत," तो म्हणाला. "तळाला चीर पडली होती. गळायला लागली असती. तू म्हणाली असतीस नवीन आणू."

"म्हणाले असते."

"म्हणून सांगितलं नाही. वेल्डरकडे नेली. त्याला म्हटलं, आकड्याला धक्का लागला तर तुझं दुकान बंद करीन." मग त्याच्या डोक्यात उजेड पडताना तिने बघितला. आधी कपाळावर, मग डोळ्यांत, मग त्या नाकात, आणि नाक हळूहळू खाली बसलं. "किती भरली?"

"अठराशे पन्नास."

"अरे देवा."

"हं."

"आकडा जपला, आणि तोच…" त्याने टोपी काढली, परत घातली. "मॅडमपुढे नको बोलूस. संध्याकाळी घरी सांगू सगळ्यांना. मी सांगेन."

"संध्याकाळी भाऊजी कुठे असतील?"

त्याने पुन्हा कोरड्या जाळीकडे बघितलं.

"माझीही चूक आहे यात," थोरली म्हणाली. "मला बादली जड लागली होती. पण तुम्ही माझं वय काढलं होतंत, म्हणून मी तोंड उघडलं नाही. म्हणजे आपण दोघांनी लपवलं आणि शिक्षा तिसऱ्याला. आता तुम्ही सांगता, का मी सांगू? मी सांगितलं तर वेल्डरपर्यंत सगळं सांगेन, आणि थोडं वाढवूनही. मला ओळखता ना तुम्ही?"

दादाने कठड्यावरून खाली वाकून बघितलं. मशीन फळीच्या तोंडाशी उभं होतं आणि धाकटा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"ए!" दादा ओरडला. दोन गल्ल्यांपलीकडच्या लोकांनी खिडक्या उघडल्या असतील असा आवाज. "वर ये! चूक माझी आहे!"

खाली टेम्पोवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. वन्संचा चष्मा नाकावरून घसरला. मॅडमनी तेवढा काट्यावरचा आकडा लिहून घेतला आणि मग मान वर केली.

धाकटा वर आला तेव्हा थोरलीने बादली आणि काटा दोन्ही मध्यभागी ठेवले होते. दादाने सगळं सांगितलं. चीर, वेल्डर, चिकटपट्टी. मध्ये एकदाही 'पण' म्हणाला नाही, आणि थोरलीच्या हिशेबाने हे त्याच्या आयुष्यात दुसऱ्यांदाच घडलं. मग थोरलीने आपल्या मनगटाचं सांगितलं.

"रिकामी बादली कामाच्या आधी तोलत नाही तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "बाबांनी लिहिलं होतं ना, मॅडम. बाबांचं वजन करायचं म्हणजे…"

"तुम्ही बादलीचं करायचं होतं."

"हो," वन्सं म्हणाल्या. "आता कळतंय." आणि बोलता बोलता त्या दोन पावलं धाकट्याकडे सरकल्या.

"ए, तू नको चिकटूस आता मला," धाकटा म्हणाला. "मघाशी बाहेरचा माणूस आणत होतीस."

"दोनच दिवसांसाठी म्हणत होते!"

दादा धाकट्यासमोर उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं. "बोल ना काहीतरी. शिव्या दे. मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ढकललं."

"ते तू नेहमीच ढकलतोस. त्याची सवय आहे मला." धाकट्याने बादली उचलली, आत बघितलं, झाळलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मला न सांगता नेलीस. माझेही बाबा होते, दादा. मला बोलावलं असतंस तर मीही आलो असतो वेल्डरकडे. चिकटपट्टी मी धरली असती."

दादाने टोपी सारखी केली. "वेल्डरकडे चहा वाईट होता," तो म्हणाला.

धाकट्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढंच, पण थोरलीने ते टिपलं आणि टेम्पोवाल्याला वरूनच हात केला: जा बाबा तू.

मॅडमनी वही उघडली. "बाराच्या बारा जागा नापास. हा भाग पत्र्यापर्यंत काढा. थर्माकोल शाबूत निघाला तर परत वापरा. ओतायच्या दिवशी मी येईन आणि रिकामी बादली माझ्यासमोर तोलायची. पाणी भरूनही तोला, तळ जाड झालाय, आत दहा लिटर राहिलंय का बघू. आणि नवीन फोम…" त्यांनी वहीचं पान उलटलं. "त्याची मला काही अडचण दिसत नाही. चौथ्या दिवशी खिळा काय ते सांगेल."

"बादली नवीन आणतो, मॅडम," दादा म्हणाला.

"कशाला?" थोरली म्हणाली. "तळ चांगला लावलाय वेल्डरने. बादली काही खोटं बोलत नाहीय. तिच्यावर लिहिलंय ते खोटं झालंय." तिने अवजारांच्या पेटीतून तारेचा ब्रश काढला आणि नवऱ्यापुढे धरला.

दादाने ब्रशकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं. १२५०. दोनची शेपटी बाबा नेहमी वर वळवायचे.

"वहिनी, हे जरा…" वन्सं पुटपुटल्या.

"धर," दादा धाकट्याला म्हणाला.

धाकट्याने बादली छातीशी घट्ट धरली आणि दादाने घासायला सुरुवात केली. रंग जुना, हट्टी. आधी एक गेला, मग शून्य. दोनच्या शेपटीपाशी दादाचा हात थांबला. धाकट्याने एका हाताने बादली सावरत दुसऱ्या हाताने ब्रश त्याच्याकडून घेतला आणि उरलेलं स्वतः पूर्ण केलं. पत्रा खाली लख्ख निघाला. कुणी नाक ओढलं. कोण ते थोरलीने बघितलं नाही.

"आता लिही," दादा म्हणाला.

"मी?"

"तूच. आता तुझीही आहे ती."

धाकट्याने रंगाच्या डबीत काडी बुडवून लिहिलं: १८५०. जीभ बाहेर काढून, लहानपणी लिहायचा तसंच.

"हे आठ आहे का गाठ मारलेली सुतळी?" वन्संनी चष्मा वर करून विचारलं.

"चष्मा बदल तुझा. फुकट मिळतो ना तुला?"

"तसंच राहू दे," दादा म्हणाला. "वाचता येतंय ना?" हे त्याने थोरलीला विचारलं.

थोरलीने बादली हातात घेतली, मनगटावर एकदा जोखली. जड होती. जितकी असायला हवी तितकीच जड.

"येतंय," ती म्हणाली. "चला, फावडी घ्या. अर्धं छप्पर उचलायचंय."